मी न उचललेला भंडारा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळणं हेच माझं एक काम होऊन बसलं. ज्येष्ठ लागला की आमच्या माळावरून गेलेल्या मोठ्या लाइनीच्या तारा वाजायला लागतात, आणि मी घरात येऊन रेडिओ मोठा करतो. सूनबाईंना वाटतं, म्हाताऱ्याला कमी ऐकू यायला लागलं. तसं असतं तर फार बरं झालं असतं. मला तारा अगदी नीट ऐकू येतात.

यंदा वैताग आणखी वाढला, कारण नवी लाइन येणार आहे. पाठीला बॅगा लावलेली दोन पोरं मोटारीतून आली, ओसरीवर बसली, मोबाइलवर आमच्याच गावाचा वरून काढलेला फोटो मला दाखवत म्हणाली, "आबा, तुम्ही नुसतं सोबत चला. लोक तुमचं ऐकतात." मी त्यांना चहा पाजला आणि गुडघ्याचं कारण सांगून वाटेला लावलं. लोक माझं ऐकतात, हीच तर सगळी अडचण आहे. एकदा ऐकलं होतं, त्याचं काय झालं ते मी रोज सकाळी दात घासताना समोर बघतो.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्याला वाऱ्याचं वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस सह्याद्रीवर पडून जातो. आमच्याकडं येतात ते रिकामे ढग, आणि ते पळवणारा वारा. आषाढात पत्रे उडतात, धोतराचा सोगा तोंडावर येतो, भाकरीत माती येते, आणि वर बघावं तर ढग भीमा ओलांडून तिकडं सोलापूरकडं निघालेले. पाऊस सोडून सगळं देणारा असा हा मोसम. त्यामुळं नव्वदीच्या शेवटी नगरकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा आमची माणसं हसली होती. ज्या वाऱ्याला आपण जन्मभर शिव्या दिल्या, त्याच्यासाठी शहाणी माणसं डोंगर चढून जातात म्हणे.

पण वारा डोंगरावर आणि कारखाने इकडं. डोंगरावर पिकलेली वीज दौंडच्या बाजूला आणायची म्हणजे घोड नदी ओलांडायची, आमचा सगळा माळ ओलांडायचा आणि भीमा ओलांडायची. त्या लाइनीचं काम ज्या ठेकेदाराकडं होतं, त्याच्याकडं मी नोकरीला होतो. माझं काम खांब उभे करायचं नव्हतं. खांबाच्या पुढं चालायचं काम होतं. सर्व्हेवाल्यांच्या आधी वस्तीवर जायचं, रामराम घालायचा, कुणाची सोयरीक कुठली ते काढायचं, पाणी प्यायचं, मग हळूच सांगायचं की तुमच्या बांधावर एक टॉवर येतोय. ठेकेदाराचा माणूस म्हणून गेलो असतो तर कुत्री अंगावर आली असती. मी आबा म्हणून जात होतो. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं होतं, केस पांढरे होते, आणि माझे वडील पंचक्रोशीत शब्दाचे पक्के म्हणून माहीत होते. ठेकेदारानं पगार दिला तो खरं तर त्या नावाला.

तो उन्हाळा डोळ्यांपुढून हलत नाही. वैशाखात शेतं मोकळी होतात, म्हणून लाइनीची खरी धावपळ तेव्हाच. एका बाजूला कांद्याची काढणी चाललेली, बायका ओळीनं बसून पाती कापताहेत, सगळ्या शिवाराला कांद्याचा तो गोडसर उग्र वास. आणि त्यांच्या डोक्यावर झारखंडकडची पोरं टॉवरच्या हातावर बसून दुपारची भाकरी खाताहेत. खालून कुणी मावशी हाक मारायची, कांदा पाहिजे का रे. वरून दोरी सुटायची, दोरीला पिशवी. पोरं वरूनच हिंदीत आशीर्वाद द्यायची आणि मावशी मराठीत खोड काढायची की आता लगीन करून खाली उतरा. तारा ओढायच्या दिवशी तर जत्राच. चाकांवरून वळवळत तार पुढं जाताना म्हातारी माणसंसुद्धा झाडाखाली येऊन बसत. त्या काळात भारनियमन जोरात होतं. एक जण म्हणाला होता, "आबा, आमच्या डोक्यावरनं यवढी ईज जायची आन् आमी चिमणी लावून जेवायचं. ह्ये म्हंजी दुसऱ्याच्या वरातीत आपुन बत्ती धरल्यावानी झालं." सगळे हसले. मीही हसलो.

घाई होती ती वाऱ्याची. ज्येष्ठात वारा सुटतो आणि श्रावणापर्यंत वाहतो. तेवढ्यात जी वीज निघेल ती निघेल. लाइन चुकली की डोंगरावरच्या चक्क्या नुसत्या फिरणार, नाहीतर बंद करून ठेवणार. दर दोन दिवसांनी पुण्याहून फोन यायचा, वारा यायच्या आत काम झालं पाहिजे. जणू वारा म्हणजे मुंबईहून येणारा कोणी मंत्री.

आणि ज्येष्ठाच्या त्याच वाऱ्याबरोबर आमच्याकडं आणखी कोणी येतं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं गेलेले धनगर परत येतात. हल्ली फार कमी जातात, बहुतेक जण शेती करतात, कुणी सणसवाडीला कामाला आहे. त्या वर्षी आमच्या माळावरून एकच घर गेलं होतं, म्हाळूचं. आणि त्याची ती शेवटची खेप होती. त्याच्या बायकोनं, हौसाबाईनं, तसं ठरवूनच टाकलं होतं. जाण्याआधी त्यांनी माळाच्या उंचवट्यावर घराचा पाया भरला होता. काळ्या दगडाचा चौथरा, गुडघ्याएवढा. मी सहज त्या बाजूनं चाललो होतो, तर तिनं हाक मारून बोलावलं आणि चौथऱ्यावर चढवलं. "आबा, ह्ये दार. उगवतीला. हितं चूल. आन् त्या कोपऱ्यात द्येव. लगीन झाल्यापास्नं पालातच ऱ्हायलेय मी. आता येऊ द्या कसला बी वारा." तिनं मला त्या नसलेल्या घरातून सगळीकडं फिरवलं. चुलीच्या जागेवर पाय पडला तर म्हणाली, "हां हां, चपला काढा की." मी चपला काढल्या होत्या. हे मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा राहू नये म्हणून.

लाइनीची मूळ रेघ तिथून जात नव्हती. ती जात होती आमच्या दाजींच्या जागेवरून. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. सोसायटीत वजन, गावात वजन, आणि चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचा एक तुकडा, जिथं त्यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं. त्यांनी मला जेवायला बोलावलं. बहिणीनं पुरणपोळी केली होती, सण नसताना. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, आणि समजलंही होतं. दाजी बोलले अगदी थोडं. वरमाला घालताना वर तारा दिसल्या तर कोण तारीख घेईल, आबा? बहीण वाढत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. आमच्याकडं दिल्या घरच्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही. बहीण ज्या घरात नांदते, तिथं भाऊ मान खाली घालूनच जेवतो. ही रीत कोणी घालून दिली त्याचा मला फार राग येतो, पण तेव्हा मी तुपाची धार थांबवायला नुसता हात आडवा केला, आणि होय म्हणालो.

रेघ वळवायला सोपी होती. वळणाचा टॉवर थोडा अलीकडं घेतला की दाजींचा तुकडा सुटत होता आणि लाइन म्हाळूच्या उंचवट्यावरून जात होती. एकच गोष्ट आड येत होती. घरावरून लाइन न्यायची नाही, हा नियम सर्व्हेचे साहेब पाळत. दक्षिणेकडचा तरुण माणूस, उन्हानं नाक सोललेलं, मराठीचा गंध नाही. चौथऱ्याजवळ थांबून त्यानं मला विचारलं, "ये क्या है? मकान बन रहा है?"

मी म्हणालो, "नहीं साहब. भेड़ बिठाने की पुरानी जगह है. यहाँ कोई नहीं रहता."

त्याला कसं कळावं? त्यानं मान डोलावली आणि खुंटी ठोकली. लाल चिंधी बांधलेली खुंटी, बरोबर चुलीच्या जागेवर.

इथवर मी स्वतःला कसंबसं माफ करत आलोय. बहिणीसाठी केलं, घाई होती, टॉवर कुठंतरी येणारच होता. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो. पुढचं मात्र सांगता येत नाही, म्हणून तर एवढी वर्षं गेली.

म्हाळूचा धाकटा भाऊ सावळा. शिकलेला, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर काम करायचा. म्हाळू जाताना त्याला सांगून गेला होता, अधूनमधून चौथऱ्यावर नजर टाक. सावळा सुट्टीच्या दिवशी आला, त्यानं खुंटी बघितली आणि सरळ माझ्याकडं आला. मी बांधावर बाभळीखाली बसलो होतो. त्यानं विचारलं, आबा, ही खुंटी कशाची? लाइनीच्या कंपनीत अर्ज द्यावा लागंल का? दादाला कोकणात निरोप धाडू का?

त्या वेळी त्याला खरं सांगितलं असतं तर सगळं थांबलं असतं. घराचा पाया आहे एवढं कागदावर आलं असतं की रेघ परत वळली असती. मी म्हणालो, "नुसती खुणेची खुंटी हाय ती. फुडं सरकनार हाय. तू कामावर जा."

"नक्की ना, आबा?"

"मी सांगतोय न्हवं?"

त्याच्या तोंडावर एवढं समाधान दिसलं की मला दुसरीकडं बघावं लागलं. तो गेला. पुढच्या आठवड्यात खड्डे घेतले, पाठोपाठ काँक्रीट पडलं. सावळाला तेव्हा जादा पाळ्या लागल्या होत्या, तो फिरकला नाही. फिरकायची गरजच काय, आबांनी सांगितलं होतं.

ज्येष्ठात वारा सुटला आणि मेंढरं आली. लांबून धूळ दिसते आधी, मग कुत्री, मग घोडं आणि त्याच्यावरचा संसार. दरवर्षी ते दृश्य मला आवडायचं. त्या वर्षी मी घरात जाऊन बसलो. हौसाबाई घोड्यापुढं चालत होती म्हणे, आणि टॉवर दिसला तेव्हा तिला वाटलं आपण वाट चुकलो. जवळ येऊन तिनं चौथऱ्याचे दगड ओळखले. टॉवरच्या चारी पायांतून हिंडून आली आणि नवऱ्याला म्हणाली, पाल ठोका.

मग बिरोबाच्या ठाण्यापुढं माणसं बसली. म्हाळूनं भावाला विचारलं, तू काय करत होतास? सावळानं सांगितलं, आबा म्हणाले खुंटी सरकणार आहे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दाजी शेजारीच बसले होते.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

एवढंच. नाही म्हणालो असतो तर निदान सरळ खोटं झालं असतं. मी शहाणा, मी मधला शब्द शोधला.

कुजबुज सुरू झाली. सावळानं त्याच वर्षी जुनी मोटारसायकल घेतली होती. जादा पाळ्या करून घेतली होती, पण गावाला तेवढा हिशेब कशाला? लाइनीच्या कंपनीवाल्यांनी फितवला, त्याशिवाय गप्प बसला का? तेव्हा सावळा उठला, देवापुढं गेला आणि त्यानं ओंजळीत भंडारा उचलला. हळदीचा भंडारा हातात घेऊन बोललेलं खोटं देव पचू देत नाही, असं त्या लोकांत मानतात. हा शेवटचा शब्द. याच्यापुढं कोर्ट नाही. हळद बोटांतून गळत होती. "आबांनी मला सांगितलं व्हतं, खुंटी सरकनार हाय. ह्यात खोटं आसंल तर ह्यो मला बघून घील." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, "आबा, तुमी बी उचला. म्हंजी मिटलं."

मी उठायला लागलो होतो. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. उचलून खरं बोलणार होतो की खोटं, हे कळायच्या आधीच दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता वडीलधाऱ्या माणसालाही भंडारा उचलायला लावणार काय तुम्ही? आणि म्हाळू, ज्याच्या चुलीत मी टॉवर रोवला होता तो म्हाळू, पुढं येऊन माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "न्हाई आबा. तुमी नका उचलू. तुमच्यासारक्याला देवाफुडं उभं केलं तर आमाला पाप लागंल. तुमचा शब्दच भंडारा."

मी परत खाली बसलो.

म्हणजे झालं असं की दोघांपैकी एकानं शपथ घेतली आणि एकानं घेतली नाही, आणि ज्यानं घेतली नाही तो खरा ठरला. पांढऱ्या केसांना केवढा हा मान! सावळानं देवाची खोटी शपथ घेतली असा त्याचा अर्थ झाला. त्याला जत्रेचं बोलावणं बंद झालं. दोघा भावांचं बोलणं बंद झालं. आईच्या दहाव्याला तो वेगळ्या पंगतीला बसून निघून गेला. ज्या टॉवरसाठी हे झालं, त्याच्या तारांतून आषाढात वीज वाहायला लागली, आणि पुण्याहून फोन आला की शाब्बास, वारा वाया गेला नाही.

दाजींनी मंगल कार्यालय बांधलंच नाही. त्या तुकड्यावर आजही नुसता फलक आहे, 'नियोजित' असं लिहिलेला. नियोजित एवढाच शब्द वाचता येतो आता. त्या फलकावरून जाताना माझं डोकं उठतं.

म्हाळूनं घर बांधलं, पण खाली ओढ्याच्या अंगाला, जिथं भिंतीला ओल येते. दर दसऱ्याला तो मला घरी येऊन सोनं द्यायचा. मी आत दडून बसलो तरी बसून राहायचा. एकदा तर स्वतः विणून घेतलेली घोंगडी घेऊन आला. मी म्हणालो, मला नको. तो म्हणाला, गरिबाचं घ्या की आबा. ती घोंगडी ट्रंकेत आहे. अंगावर घेतलेली नाही. ज्याचं आपण वाटोळं केलं तो माणूस चिडत नाही, यासारखा छळ नाही. मला कितीदा वाटायचं की यानं एकदा मला चारचौघांत शिवी द्यावी.

सावळाला भेटायला मी कुरकुंभला गेलो होतो. पाळी सुटायच्या वेळेला गेटवर उभा. त्या वासानं डोळे चुरचुरत होते. तो डबा घेऊन बाहेर आला, मला बघून थबकला, आणि मग "आबा, हितं कसं?" म्हणत मला टपरीवर घेऊन गेला. चहा सांगितला. त्याचा एक परप्रांतीय मित्र येऊन बसला, तो युनियनचं काहीतरी बोलत राहिला. मी चहा पिऊन एसटीला बसलो. वरवंड येईपर्यंत स्वतःशीच इतका चरफडत होतो की शेजारच्या बाईनं जागा बदलली.

आणि मग, पाच-सहा वर्षांनी, पुन्हा ज्येष्ठातच, म्हाळूचा निरोप आला की देवाच्या ठाण्याशी या, मानाचं माणूस म्हणून. सावळा आला होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि चुलत्याशिवाय मांडव घालणार कसा? म्हाळूची अट एकच होती. खोटा भंडारा उचलला हे देवापुढं कबूल कर, पदरात घेतो. वारा असा सुटला होता की सगळ्यांचे पटके धरून ठेवावे लागत होते. सावळा देवापुढं उभा राहिला. आता केस त्याचेही पिकले होते. ज्या माणसानं खरी शपथ घेतली होती, त्यानं तिथं भावापुढं, बायकोपुढं, पोरीपुढं, मोठ्यानं सांगितलं, "मी खोटं बोललो व्हतो. आबा मला काय बी म्हणाले न्हवते."

म्हाळूनं त्याला मिठी मारली. दोघं लहान पोरांसारखे रडले. हौसाबाईनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला. आणि सावळा माझ्याकडं आला, वाकला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला. मी म्हणालो, सुखी राहा.

त्यानंतर बोलायचं नाही, याला मला चांगलं कारण मिळालं. आता बोललो तर म्हाळूला कळेल की आपण भावाला देवापुढं खोटं बोलायला लावलं. त्याला ते झेपणार नाही. मोडलेलं घर परत जुळलंय, ते कशाला मोडा? हे कारण इतकं चांगलं होतं की मी ते कितीतरी वर्षं वापरलं. गेल्या हिवाळ्यात म्हाळू गेला. कारणही त्याच्याबरोबर गेलं, आणि मागं नुसता भित्रेपणा राहिला. नवी लाइन आखणारी ती पोरं ओसरीवरून उठून गेली, तेव्हा मला स्वतःची एवढी चीड आली की मी काठी घेऊन निघालो.

सावळा आता नोकरीतून सुटून वस्तीवरच राहतो. अंगणात खाट टाकून बसला होता. माझ्यासाठी उठला, खाट झटकली. वाटेत मी चार वाक्यं घोकली होती. बसल्यावर त्यानं पाणी दिलं. वर तारा वाजत होत्या. मी त्याच्या नातवाचं विचारलं. रानातल्या मेथीचं विचारलं. कुरकुंभच्या पेन्शनचं विचारलं. त्यानं सगळं सावकाश सांगितलं. मग तो माझ्याकडं बघत राहिला, घाई नसलेल्या माणसासारखा.

मी उठलो. तो फाटकापर्यंत आला, माझा कोपर धरून. तिथं थांबून त्यानं विचारलं, "आबा, काय बोलायचं व्हतं का?"

"न्हाई रं," मी म्हणालो. "सहज आलतो."